अंक पहिला

मुंबईस बोरीबंदर स्थानकासमोर टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्राची जुनी, भव्य इमारत उभी आहे. हे वृत्तपत्र चालविणाऱ्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने 1964 सालच्या मार्च महिन्यात ‘इंद्रजाल कॉमिक्स’ या नावाची एक चित्रकथामाला सुरू केली. इंग्रजीप्रमाणेच हिंदी आणि मराठी वाचकांनाही या मालेतील अंक वाचावयास मिळू लागले. घाटकोपर-मुलुंडकडील असो वा अंधेरी-बोरिवलीकडील असो, उपनगरांतील मुलांना या अंकांचे मोठे वेड लागले. एकाने अंक विकत घ्यावा आणि तो चाळीतील दहा घरांत फिरावा, हे नेहमीचेच होते.

मालेचा अंक पहिला होता, नायक मात्र नवा नव्हता. त्याचे नाव वेताळ. अमेरिकेतील लेखक ली फॉक यांनी त्याला 1936 साली जन्म दिला होता, आणि इलस्ट्रेटेड वीकली या मुंबईच्याच इंग्रजी साप्ताहिकातून तो भारतात येऊनही गेला होता. आता मुलांसमोर त्याला नव्याने उभे करावयाचे होते. अशा अंकाचे काम सोपे नसते. ज्याला नायक ठाऊक नाही त्याला सर्व काही सांगावे लागते, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला कंटाळा येऊ द्यावयाचा नसतो.

वेताळाची हकीकत थोडक्यात अशी आहे. 1536 साली चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला. त्यातून वाचलेला एक तरुण लाटांबरोबर किनाऱ्यास लागला. तेथील वनवासी लोकांनी त्याचे प्राण वाचविले. पित्याच्या मारेकऱ्याची कवटी हाती घेऊन त्याने शपथ वाहिली, की मी आणि माझे वंशज चाचेगिरी व अन्याय यांच्याशी झुंजत राहू. तेव्हापासून पित्यामागून पुत्र तोच वेष आणि तोच मुखवटा धारण करीत आला. लोकांना मात्र वाटे, की हा एकच पुरुष शतकानुशतके जिवंत आहे! आपण वाचतो त्या कथांतील वेताळ एकविसावा आहे.

पहिल्या अंकासाठी संपादकांनी वेताळाच्या कमरपट्ट्याची कथा निवडली. विसाव्या वेताळाचा घात करून मारेकऱ्याने त्याचा कमरपट्टा पळविला होता. त्याचा पुत्र त्या पट्ट्याच्या मागावर निघतो आणि गुन्हेगाराचा छडा लावतो. म्हणजे अद्भुत नायकाच्या या कथेत गुप्तहेराचेही काम आहे. मला ही निवड फार चतुर वाटते. पट्टा कोणाचा, तो कोठे गेला, हे सांगता सांगता पिता, पुत्र, शपथ आणि वंशपरंपरा हे सारे वाचकास आपोआप कळून येते. निराळे प्रास्ताविक लिहावयास नको.

तथापि एक अडचण होती. मूळ कथेत मारेकऱ्याचे नाव ‘रामा’ होते, चाच्यांच्या टोळीस ‘सिंग’ म्हणत आणि वेताळाच्या देशास ‘बेंगाली’. ही नावे अमेरिकेत कोणास खटकली नसतील. पण खुनी माणसास रामाचे नाव दिलेले भारतातील मुलांना कसे रुचावे? म्हणून मारेकरी झाला ‘रामालू’, टोळी झाली ‘सिंगा’ आणि देश झाला ‘डेंकाली’. पुष्कळ वर्षे आपल्या मुलांनी डेंकाली हाच खरा देश मानला. काहींनी तर तो नकाशात शोधलाही असेल!

दुसराही बदल करावा लागला. वेताळाच्या कथा मुळात वृत्तपत्रांत थोड्या थोड्या छापून येत. तेथे मागील हप्त्यात काय घडले, याची आठवण वाचकास पुन्हा पुन्हा द्यावी लागते. तीच कथा एका पुस्तिकेत सलग छापली, तर त्या चौकटी निरर्थक होतात. शिवाय पाने मोजकीच. तेव्हा कात्री चालवून पुष्कळ चौकटी गाळण्यात आल्या. हे काम चित्र काढण्याइतके दिसत नाही, पण ते चुकले तर कथेचा धागा तुटतो.

नावे बदलली हे योग्यच झाले. परंतु मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. आपल्या वाचकांचे मन दुखावू नये याची काळजी मुंबईच्या संपादकांनी घेतली. त्या अरण्यातील वनवासी लोकांना मात्र कोणी विचारले नाही. एक गोरा पुरुष पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा त्राता होतो, आणि त्यांनी त्याच्या सिंहासनाभोवती उभे राहावयाचे, असे चित्र या कथांत वारंवार येते. कथेची गोडी घेताना हेही डोळ्यांआड होऊ देऊ नये.

जुन्या नायकास ‘अंक पहिला’ पुन्हा मिळाल्याचे आणखी एक उदाहरण अमेरिकेतील आहे. तेथे 1937 साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ हे चित्रकथांचे मासिक निघाले. 1939 साली त्याच्या 27 व्या अंकात बॅटमन हा मुखवटाधारी गुप्तहेर अवतरला. अंक वाढत वाढत 881 पर्यंत पोहोचले. एवढा मोठा आकडा पाहून नवा वाचक बिचकतो, ‘मागचे आठशे अंक वाचल्यावाचून मला काय कळणार?’ असे त्याला वाटते. म्हणून 2011 साली प्रकाशकांनी गणती मोडून पुन्हा क्रमांक 1 छापला. नवे वाचक आले. असे 52 अंक निघाले आणि 2016 साली पुढील अंकावर एकदम 934 हा आकडा झळकला. बेरीज करून पाहा: 881 आणि 52 मिळून 933. जुनी गणती मनातल्या मनात चालूच होती तर! 2019 साली त्याच मासिकाने आपला हजारावा अंक काढला.

इंद्रजाल कॉमिक्सही पुष्कळ चालले. 1990 साली ते बंद पडले, तोवर 800 हून अधिक अंक निघाले होते. त्यांतील फार थोडे नायक आपल्या देशातले होते. त्यांपैकी बहादूर हा 1976 साली आला. त्याचे लेखक आबिद सुरती. (हे तेच सुरती, जे 2007 पासून मीरा रोड येथे घरोघर जाऊन गळक्या तोट्या विनामूल्य दुरुस्त करवून देऊ लागले.) बहादूर कुडता आणि जीन घालतो; मुखवटा घालीत नाही. त्याचीही पहिली कथा पित्याच्या मृत्यूपासूनच सुरू होते. पण त्याचा पिता डाकू असतो आणि तो पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मरतो. मुलाच्या मनात सूड पेटतो. आणि ज्याच्या गोळीने पिता गेला, तो अधिकारीच त्या पोरक्या मुलास आपल्या घरी नेऊन वाढवितो.

स्वाध्याय

पहिल्या अंकासाठी कमरपट्ट्याची कथा का निवडली असावी? वेताळ व बहादूर यांच्या पहिल्या कथांत कोणते साम्य व कोणता भेद आहे? तुमच्या आवडत्या जुन्या गोष्टीतील नायकाचा नवा ‘अंक पहिला’ काढावयाचा झाल्यास पहिल्या पानावर काय दाखवाल, ते दहा ओळींत लिहा.