असेसमेंटला जाण्याआधी

चि. सोनूस,


काल ताईचा फोन आला होता. तुझ्या ऑफिसनं वर्कप्लेस नीड्स असेसमेंट ठरवलंय आणि तू रात्री जागून एडीएचडी आणि डिस्लेक्सियावरचं मिळेल ते वाचत बसली आहेस, असं म्हणाली. ते सगळं आधी मिटून ठेव. तुला काय आहे आणि काय नाही, हे ठरवायला असेसर येत नाही. तुझं रोजचं काम काय, त्यातलं कुठे अडतं आणि काय केलं तर सोपं जाईल, एवढंच तिला हवं असतं. त्यावर कुठल्याही पुस्तकापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे.

युनियनची प्रतिनिधी म्हणून अशा भेटींना मी बऱ्याच जणांच्या शेजारी बसले आहे. आपल्याकडच्या मुलामुलींचं एक नेहमी दिसतं. मीटिंगमध्ये कसं जमतं? “जमतं की.” ईमेल? “होतात तसे.” आमच्या विभागातल्या एका मुलानं पूर्ण भेटभर अशीच उत्तरं दिली आणि रिपोर्टमध्ये आवाज अडवणारे हेडफोन तेवढे आले. भेट संपल्यावर लगेच कँटीनमध्ये चहा घेताना तो मला सांगायला लागला. ऐकणं आणि लिहिणं त्याला एकाच वेळी जमत नाही. म्हणून मीटिंग संपली की तो टॉयलेटमध्ये जातो, आठवेल ते मोबाइलवर बोलून ठेवतो आणि रात्री घरी ते ऐकून टिपणं काढतो. हेच त्यानं अर्ध्या तासापूर्वी त्या खोलीत सांगितलं असतं, तर मीटिंगचं रेकॉर्डिंग करायची मुभा, आधी हातात येणारी विषयपत्रिका, दुसऱ्या कुणी काढलेली टिपणं, यातलं काहीतरी नक्की लिहून आलं असतं. आपण न सांगितलेली गोष्ट असेसरला दिसत नाही, विशेषतः आपण ती लपवण्यात तरबेज असलो तर.

रडगाणं गाऊ नये, कुणापुढे हात पसरू नये, हे आपल्या घरात लहानपणापासून ऐकलेलं आहे. ते चांगलंच आहे, पण इथे त्याचा संबंध नाही. ब्रिटनमधल्या 2010च्या इक्वॉलिटी ॲक्टनुसार रीझनेबल ॲडजस्टमेंट्स करणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च त्याला तुझ्याकडून घेता येत नाही. रोजच्या व्यवहारावर किरकोळ म्हणता येणार नाही असा परिणाम होत असेल आणि तो बारा महिने किंवा त्याहून जास्त टिकणारा असेल, तर कायदा त्याला डिसॅबिलिटी मानतो. हा शब्द तुला लागेल, मला माहीत आहे. पण तुझं संरक्षण त्याच्याशीच बांधलेलं आहे, तेव्हा त्याच्यापासून पळू नकोस. दहावीला जादा वेळ मिळावा म्हणून ताई-भावोजींनी पुण्यात प्रमाणपत्रासाठी किती खेटे घातले होते! इथे मदत मागायला निदानाचा कागद लागतोच असं नाही. तुझ्याकडे आहे तर सोबत ने, पण सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नकोस.

त्याऐवजी एक वही कर. ऑफिसमधून निघण्याआधी पाच मिनिटं तिच्यात लिहायचं. ‘माझं लक्ष लागत नाही’ असं लिहिलंस तर त्यातून कुणाला काही करता येणार नाही. असं लिही: ‘मंगळवार. स्टॉकचा तक्ता. दोन ठिकाणी आकडे उलटे पडले, पुन्हा पहिल्यापासून तपासला. मागे सेल्सची माणसं फोनवर. मी साडेसातला निघाले, बाकीचे साडेपाचला.’ एवढ्यावरून असेसर जागा बदलायला सांगू शकते, आकडे मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर सुचवू शकते, तक्त्यावर दुसऱ्या कुणाची नजर फिरावी असं लिहू शकते. चांगले गेलेले दिवसही टिपून ठेव. त्या दिवशी वेगळं काय होतं, यातच पुष्कळदा उपाय सापडतो. जॉब डिस्क्रिप्शनची प्रत शेजारी ठेव आणि तुझ्या नोंदी त्यातल्या कामांशी जोड, कारण रिपोर्ट कामाभोवतीच लिहिला जातो.

आणि तू स्वतः शोधलेल्या युक्त्या सांग. प्रत्येक ईमेल पाठवण्याआधी मोबाइलकडून वाचून घेतेस, सूचना विसरू नयेत म्हणून तळहातावर लिहितेस, हे सगळं. त्याची किंमतही सांग. दिवसभर नीटनेटकं हसून वागतेस आणि घरी आल्यावर न जेवता झोपतेस, हे मला ताईकडून कळतं. असेसरला ते तुझ्याच तोंडून कळायला हवं.

भेटीआधी लेखी मागून घ्यायच्या गोष्टी आहेत. प्रश्न आधी मिळतील का, मध्ये थोडी विश्रांती घेता येईल का, सोबत कुणाला आणता येईल का? मी यायला तयार आहे. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिपोर्ट कोण वाचणार? मॅनेजरकडे जाण्याआधी मसुदा मला दाखवा, असं स्पष्ट सांग. कामाला काय लागतं ते मॅनेजरला कळलं पाहिजे. तुझ्या गोळ्या, तुझं लहानपण हे त्यात आलं असेल तर काढून टाकायला सांग.

रिपोर्ट म्हणजे हुकूम नव्हे, शिफारस असते. हे न कळल्यामुळे लोक नुसती वाट बघत बसतात. काय मान्य, काय अमान्य आणि का, हे कंपनीकडून लेखी घे आणि मान्य झालेल्याला तारीख लावून घे. तीन महिन्यांनी फेरआढावा हवा हेही त्याच पत्रात माग. सॉफ्टवेअर मिळतं, पण ते शिकवणारं कुणी नसतं आणि लायसन्स तसंच पडून राहतं, हे मी पाहिलं आहे. तेव्हा प्रशिक्षणाचे तास वेगळे मागायला विसरू नकोस.

आता घाईचं. कंपनीच्या असेसमेंटखेरीज सरकारची ॲक्सेस टू वर्क ही योजना आहे. साधनं, कोचिंग, मदतनीस यांसाठी तिच्यातून अनुदान मिळतं. अर्ज कंपनी करत नाही, तुलाच करावा लागतो. नोकरी लागल्यापासून सहा आठवड्यांच्या आत केला तर साधनांच्या खर्चात कंपनीला वाटा उचलावा लागत नाही. तुझा हा चौथा आठवडा चालू आहे. अर्जांची रांग लांब आहे, निकालाला महिने लागतात, म्हणून कंपनीनं करायच्या गोष्टी त्यासाठी थांबवू देऊ नकोस. पण अर्ज या शुक्रवारच्या आत गेला पाहिजे. फॉर्म लांबलचक आहे आणि असले फॉर्म तू अर्धे भरून ठेवतेस, तेव्हा गुरुवारी संध्याकाळी मला व्हिडिओ कॉल कर, दोघी मिळून भरू. वही आणि जॉब डिस्क्रिप्शन जवळ ठेव.

तुझी,
मावशी