कोविडनंतर मूल थकतंय, ते आळशी नाही

“ताप दोन दिवसांत उतरला, मग हा शाळेतून आला की आडवा का पडतो?” हा प्रश्न पालक जरा वैतागूनच विचारतात. मूल नाटक करतंय ही शंका आधी मनातून काढा.

कोविड झालेली बहुतेक मुलं लवकर पूर्ण बरी होतात. काहींचा थकवा, डोकेदुखी, वास न येणं मात्र रेंगाळतं, मूळ आजार सौम्य असला तरीही. संसर्गानंतर ३ महिन्यांच्या आत सुरू झालेली आणि किमान २ महिने टिकलेली लक्षणं, अशी ‘लाँग कोविड’ची व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मुलांसाठी केली.

यातला थकवा फसवा असतो. शनिवारी मूल मनसोक्त क्रिकेट खेळतं, छान दिसतं. सोमवारी मात्र अंथरुणातून उठवत नाही. अशा मुलाला ‘स्टॅमिना वाढेल’ म्हणून पळवू नका. आज काय केलं आणि पुढचे दोन दिवस कसे गेले, हे वहीत लिहा. जेवढं झेपलं तेवढंच काही दिवस ठेवा, मग थोडं वाढवा. शाळा शक्यतो तोडू नका. अर्धा दिवस, पीटीतून सूट, मधल्या सुट्टीत पडायला जागा, एवढं मुख्याध्यापकांकडे मागा. डॉक्टर तसं पत्र देतात.

वास गेला असेल तर लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी रोज दोनदा, प्रत्येकी वीसेक सेकंद हुंगायला द्या. निलगिरीचं तेल कापसावर घ्या, नाकात कधीच घालू नका, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. फरक पडायला महिने लागतात. तोवर त्याला गॅसची गळती कळणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

‘इम्युनिटी’च्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. त्याऐवजी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा ताप, सोबत वजन घटणं असेल, तर कोविडवर न ढकलता क्षयरोगाची तपासणी कराच.

खेळताना छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर येऊन मूल पडलं, तर खेळ थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. कोविडनंतर साधारण २ ते ६ आठवड्यांत जोराचा ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हा एमआयएस-सी, म्हणजे कोविडनंतर मुलांच्या अनेक अवयवांना सूज आणणारा आजार, असू शकतो. तो हृदयावर परिणाम करू शकतो. तो होऊन गेलेल्या मुलाला हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्याशिवाय मैदानावर पाठवू नका. ती परवानगी मिळायला कित्येकदा ३ ते ६ महिने लागतात.