सादी कार्नोचे पुस्तक

(इंधन कसे वाचवावे व हवेत जाणारा धूर कसा कमी करावा, हा आज साऱ्या जगापुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला मदत करणाऱ्या शास्त्राची ही गोष्ट आहे.)

'गुलिस्ताँ' लिहिणारे शेख सादी तुम्हांला माहीत आहेत. फ्रान्समधील लाझार कार्नो यांना सादींचे काव्य फार आवडे. १७९६ साली त्यांना मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचे नाव सादी ठेवले.

सादी मोठा झाला, तो वाफेच्या इंजिनांचा काळ होता. इंजिने खाणींतले पाणी उपसत, गिरण्या चालवत. पण त्यांना कोळसा फार लागे आणि बरीचशी उष्णता वाया जाई. कारागीर इंजिनात सुधारणा करत होते. सादीने मात्र वेगळाच प्रश्न विचारला : उष्णतेपासून जास्तीत जास्त किती काम मिळू शकेल?

त्याने पाण्यावर फिरणाऱ्या चाकाचा विचार केला. पाणी उंचावरून खाली पडते, तेव्हा चाक फिरते. तशीच उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते, तेव्हा इंजिन चालते. या कामाला एक मर्यादा असते. ती कोणत्याही कारागिराला ओलांडता येत नाही. १८२४ साली त्याने हे पुस्तकात मांडले. पण फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८३२ साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, सादी पटकीने वारला.

दोन वर्षांनी क्लापेरॉन या इंजिनियरने सादीचा विचार एका लेखात समजावून सांगितला. १८४५ साली विल्यम थॉमसन हा तरुण पॅरिसला आला. त्याला या लेखामुळे सादीची ओळख झाली. मूळ पुस्तकासाठी तो दुकानादुकानांत हिंडला, पण ते मिळाले नाही. योगायोग असा, की थॉमसनचा जन्मही १८२४ सालचाच!

पुढच्याच वर्षी थॉमसन ग्लासगो येथे प्राध्यापक झाला. त्याने ५३ वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. सादीच्या विचारातील चुका त्याने व जर्मनीच्या क्लाउझियसने दुरुस्त केल्या. १८५२ साली थॉमसनने नवी कल्पना मांडली : काम खर्च करून बाहेरच्या थंड हवेतील उष्णता घरात आणता येईल. अशा यंत्राला आज उष्णता-पंप म्हणतात. आपला फ्रीजही याच रीतीने आतली उष्णता बाहेर टाकतो.

थंड देशांत घरे गरम ठेवण्यासाठी गॅस, तेल किंवा कोळसा जाळतात. चांगला उष्णता-पंप एक भाग विजेवर सुमारे तीन भाग उष्णता घरात आणतो. ही वीज सूर्यापासून किंवा वाऱ्यापासून मिळाली, तर कार्बन डायऑक्साइड वायू फारच कमी बाहेर पडतो.

एकाने विचार केला, दुसऱ्याने तो समजावून सांगितला, तिसऱ्याने तो सुधारला व शिकवला. यांतला एक दुवा जरी तुटला असता, तरी सादीचे पुस्तक धूळ खात पडले असते.

शब्दार्थ
उपसणे – बाहेर काढणे
मर्यादा – सीमा, हद्द
पटकी – कॉलरा
दुवा – साखळीची कडी
धूळ खात पडणे – दुर्लक्षित राहणे

स्वाध्याय
१. सादी हे नाव कोणावरून ठेवले?
२. चाकाच्या उदाहरणावरून सादीने काय सांगितले?
३. क्लापेरॉनने लेख लिहिला नसता, तर काय झाले असते? तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरात उष्णता कोठे वाया जाते, ते पाहा व पाच वाक्ये लिहा.