वार्धक्याचीं चार गाऱ्हाणीं

रोमी ग्रंथकार सिसेरो ह्याची कन्या तुल्लिया ख्रि. पू. ४५ मध्यें वारली. पुढच्याच वर्षीं, साठी ओलांडलेली असतां, त्यानें वार्धक्याविषयीं लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत ८४ वर्षांचा केटो दोन तरुणांशीं बोलतो. कामधंदा सुटतो, शक्ति सरते, सुखें जातात, मरण जवळ येतें, हीं लोकांचीं चार गाऱ्हाणीं. त्यांचें तो एकेक करून निरसन करितो. आपण स्वतः उतारवयांत ग्रीक विद्या शिकलों असें तो सांगतो. वृद्ध शेतकरी पुढील पिढीसाठीं झाडें लावितात, ह्याकडेही लक्ष वेधितो. वाचकहो, बळ घटलें म्हणजे उपयोग सरला असें नव्हे. आपल्या गांवांतील वृद्धांस आपण नुसतें ओसरीवर बसवितों, कीं मुलांस शिकविण्यास बोलावितों?