वाडी, रान, खाजण, समुद्र: सापांनी शिकवलेलं

१. आधी जागा बघावी, मग सापाचं नाव घ्यावं.
कोर्लईहून मुरूडकडे निघालं की उजव्या हाताला समुद्र असतो आणि डाव्या हाताला फणसाडचं रान. अंतर फार नाही, पण जागा बदलली की साप बदलतो. भाताच्या खाचरात दिवड आणि नानेटी, सुपारीच्या वाडीत धामण, झुडपात हरणटोळ, रानातल्या ओढ्याकाठी फांदीला चिकटलेला हिरवा चापडा, उघड्या कातळावर फुरसं. खाजणात तिवरांच्या मुळांशी रात्री मासे धरणारा करडा पाणसाप तर पुष्कळ गावकऱ्यांनीही पाहिलेला नसतो. विषारी सापांसाठी जगभर बदनाम असलेल्या ऑस्ट्रेलियात, म्हणजे अख्ख्या खंडात, घोणशीच्या कुळातला एकही साप नाही. आपल्या किनाऱ्यावर त्या कुळातले तीन आहेत: घोणस, फुरसं आणि चापडा.

२. लांबीवरून जोखू नये.
फुरसं जेमतेम हातभर. गडग्याचा दगड उचलताना किंवा गवत कापताना बोटाला डसतं. डसण्याआधी बहुधा अंगाचे खवले एकमेकांवर घासून खरखर करतं. ती ऐकू आली तर हात तिथेच थांबवावा. १८६२ मध्ये शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रज सरकारने फुरशावर इनाम लावलं, तेव्हा थोड्याच दिवसांत लाखाच्या वर फुरशी मारून आणली गेली. कोकणातली फुरशी काही संपली नाहीत.

३. मण्यारीची भीती बाळगावी, नागाहून जास्त.
नाग फणा काढून निदान बजावतो तरी. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की पुष्कळदा झोपही मोडत नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, आणि घरचे ओवा-सोडा देत बसतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर लिहून ठेवलं आहे. पावसाळ्यात पहाटेचं पोटदुखणं आणि जड पापण्या एकत्र दिसल्या की व्रण शोधत बसू नये, १०८ ला फोन करावा. मच्छरदाणी नुसती टांगून भागत नाही, ती अंथरुणाखाली खोचायला हवी.
बिचारा कवड्या मात्र मण्यार समजून मारला जातो. त्याचे पांढरे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं बहुधा उलट. पण हा फरक लांबूनच बघायचा, आणि शंका असेल तर मण्यारच समजायची.

४. धामण उंदीर खाते, हे ऐकवून कुणाची काठी खाली येत नाही. उंदरांनी पोखरलेले नारळ समोर ठेवले की येते.

५. औषध चारच सापांवर आहे, हे लक्षात ठेवावं.
देशात जी सर्पदंशाची लस बनते, ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर. चापडा त्यात नाही. समुद्रसापही नाहीत, आणि माझ्या मते किनाऱ्यावरची सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट हीच. हे साप नागाच्याच कुळातले, शेपटी वल्ह्यासारखी चपटी. बहुतेक सगळे पिल्लं समुद्रातच घालतात. जाळं उपसलं की मासळीबरोबर डेकवर पडतात आणि खलाशी शेपटीला धरून ते पाण्यात भिरकावतात. नेहमी जमतं, म्हणून धीर वाढतो. ऑस्ट्रेलियात समुद्रसापाच्या विषावर वेगळी लस बनते. आपल्याकडे उपचार म्हणजे लक्षणं सांभाळणं, वेळ पडल्यास कृत्रिम श्वास आणि डायलिसिस. चावा दुखत नाही, पण तासाभरात अंग आखडू लागतं, आणि पुढे लघवी काळपट झाली की मूत्रपिंड धोक्यात आलेलं असतं.
तांडेलांना एवढंच सांगणं: होडीत एक लांब आकडी ठेवा, जाळ्यातला साप तिनेच काढा. आणि कुणाला चावलाच तर दुखत नाही म्हणून फेरी पुरी करू नका, होडी लगेच बंदराकडे वळवा.