दाराचं रबर बदलण्याआधी

चंद्रपूर

चि. बाबूस,

दोन्ही दारांची नवी रबरं आणि सिलिकॉन सीलंटच्या नळ्या पाठव, असा तुझा निरोप ताईकडून मिळाला. यातलं मी काहीच पाठवलेलं नाही. रागावू नकोस. जुनी का होईना, स्वतःची पिकअप घेऊन तू धानोऱ्यात धंदा उभा करतो आहेस, तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला आहे, आणि गाडी खड्ड्यात कुरकुरते, साठच्या पुढे गेली की शीळ घालते. दिवसभर ते ऐकून डोकं उठत असणार. पण हा आवाज नेमका कुठून येतो, ते तू अजून शोधलेलं नाहीस. जागा न शोधता रबर बदललं तर पैसे जातील आणि आवाज राहील. सीलंट भरलंस तर त्याहून वाईट होईल, कारण मग खरी फट झाकली जाईल आणि पुढच्या कारागिरालाही सापडणार नाही.

तू दोन तक्रारी एकत्र सांगतोस, पण त्या वेगळ्या आहेत. कुरकुर वेगाने होत नाही, रस्त्याने होते. शीळ रस्त्याने होत नाही, वाऱ्याने होते. एकाच दारात दोन्ही असतील, तरी उपाय वेगळे.

कुरकुर आधी घे, ती सोपी आहे. पिकअपची केबिन आणि मागचा हौदा वेगवेगळे असतात आणि दोन्ही खालच्या लॅडर चेसिसवर, म्हणजे शिडीसारख्या सांगाड्यावर, बसवलेले असतात. पेंढरी किंवा कारवाफ्याकडच्या आतल्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर अशी गाडी चालते, तेव्हा चेसिस पिळली जाते. तिच्याबरोबर केबिनची चौकट थोडी तिरपी होते, आणि दार मात्र आपल्या जागी ताठ राहायला बघतं. त्या दोघांमधलं रबर पत्र्याला चिकटतं, ओढ वाढली की सुटतं, पुन्हा चिकटतं. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा हेच होतं. रबर कोरडं, कडक आणि धुळीने माखलेलं असेल तर हे चिकटणं-सुटणं कानाला ऐकू येतं.

पण ते रबरच आहे याची खात्री कर. फडकं पाण्यात भिजवून दाराच्या सगळ्या रबरावरून फिरव आणि लगेच त्याच खराब तुकड्यावर गाडी ने. कुरकुर गेली आणि रबर वाळल्यावर परत आली, तर दोषी रबर. ओलं असतानाही तशीच राहिली, तर दोष बहुधा बिजागरीत किंवा लॉकमध्ये आहे. मग चौकटीवरच्या लॉकच्या खुंटीला, म्हणजे स्ट्रायकरला, चिकटपट्टीचा एक वेढा दे आणि पुन्हा चालवून बघ. आवाज गेला तर तो तिथून येत होता. या दोन तपासण्यांना फडकं, पाणी आणि चिकटपट्टी एवढंच लागतं. दुकानात जाण्याआधी त्या करायच्याच.

रबराचाच दोष निघाला तरी ते लगेच फेकू नकोस. दारांची रबरं आता बहुधा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात. ऊन आणि हवेतला ओझोन साध्या नैसर्गिक रबराला तडे पाडतात, ईपीडीएम त्यांच्यापुढे बरंच टिकतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी तापतो, तरी ते वर्षानुवर्षं निभावतं. त्याला सोसत नाही ते डिझेल, इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस. पेट्रोलियमचा कोणताही पदार्थ ईपीडीएममध्ये मुरतो, ते फुगतं, मऊ पडतं आणि आकार सोडतं. डिझेलच्या फडक्याने रबर पुसायची सवय कितीतरी गॅरेजमध्ये आहे. पुसल्यावर रबर काळंभोर चमकतं आणि चार दिवस कुरकुरतही नाही, म्हणून लोक खूश होतात. तू तसं कुणाला करू देऊ नकोस. कोमट साबणाच्या पाण्याने धू, खाचेत बसलेला मुरूम जुन्या टूथब्रशने काढ, सावलीत पूर्ण वाळू दे आणि मग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरव. हाताशी ग्रीस नसेल तर शंखजिऱ्याची पूड चोळ, तीही काही दिवस चालते. सिलिकॉनचा स्प्रे घेतलास तर तो फडक्यावर मारून मग रबराला लाव. पुढच्या काचेवर किंवा ब्रेकवर तो उडता कामा नये. आणि जो पत्रा पुढे रंगवायचा आहे त्याच्या जवळपासही नको. सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, त्यात डोळे पडतात. रंगाऱ्याची सगळी मेहनत एवढ्याशा फवाऱ्यात वाया जाते.

आता शीळ. हे मन लावून वाच.

गाडी पुढे जाते तेव्हा हवा समोरच्या काचेवरून येते आणि काचेच्या बाजूच्या खांबाला वळसा घालून दारावर जाते. वळताना ती वेग घेते, आणि तिथला दाब आतल्यापेक्षा कमी होतो. म्हणजे वारा दार आत ढकलत नाही, बाहेर ओढतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगाला दाराच्या वरच्या चौकटीवर आणि काचेवर मिळून काही किलोंची ओढ बसते. उभ्या गाडीत जे दार घट्ट वाटतं, तेच चालत्या गाडीत वरच्या कोपऱ्यात केसभर उघडतं. म्हणून गाडी उभी करून दाराला कान लावून काही कळणार नाही.

वेगाबरोबर हा आवाज कसा वाढतो, तेही लक्षात ठेव. एन. कर्ल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५५ साली दाखवलं की घन पृष्ठभागावरून जाणाऱ्या खळबळत्या वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेलास तर वेग एक तृतीयांशाने वाढला, पण आवाजाची शक्ती साडेपाच पटींच्या आसपास गेली. मुरूमगावच्या रस्त्यावर तू ६० ला शांत आणि ७० ला हैराण होतोस, ते यामुळे. तिथे दहा किलोमीटर वेग कमी करणं हाही एक उपाय आहे, फुकटचा आणि सगळ्यात खात्रीचा.

आता फट शोधायची. त्यासाठी तुझ्याकडे जे आहे ते शहरातल्या मिस्त्रीकडे नाही, ते म्हणजे तुझ्या रस्त्यांचा लाल फुफाटा. आठवडाभर दाराची रबरं पुसू नकोस. मग सकाळच्या तिरप्या उजेडात दार उघड आणि चौकटीवर रबर जिथे टेकतं ती रेघ सावकाश बघत जा. रबर जिथे नीट दाबलं जातं तिथे धूळ बाहेरच्या बाजूला थांबलेली दिसेल आणि आत पत्रा स्वच्छ असेल. जिथे फट आहे तिथे लाल ओघळ रेघ ओलांडून आत आलेला असेल, कधी बोटभर, कधी नखाएवढा. तो ओघळ खोटं बोलत नाही. त्या जागेवर खडूची खूण कर.

मग खात्री करून घे. वहीच्या कागदाची पट्टी खुणेच्या जागी ठेवून दार लाव आणि ओढ. चांगल्या जागी ती अडून अडून येते, फटीच्या जागी सहज सरकते. नंतर रंगाऱ्याची कागदी टेप घे आणि दाराची सगळी बाहेरची फट, आरशाच्या बुडाचा सांधा, काचेची कड, सगळं बाहेरून बंद कर. क्लीनर साइडच्या दाराने आत शिरून गाडी पळव. शीळ थांबली तर ती या फटींपैकी एकीतून येते आहे. मग टेपचा एक तुकडा काढायचा, तोच रस्ता, तोच वेग, आणि ऐकायचं. ज्या तुकड्यानंतर शीळ परत आली, ती जागा. हे काम रात्री नको, एकट्याने नको, आणि गडचिरोलीच्या हमरस्त्यावर बसगाड्यांमध्ये तर अजिबात नको. पुण्यात वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथे गाड्यांचा आवाज आणि थरथर मोजण्यासाठी मोठी यंत्रणा आहे. आपल्या हातात कागदी टेप आहे, आणि एका दाराची फट शोधायला ती पुरते.

सगळं टेपने बंद करूनही आवाज राहिला तर दार निर्दोष आहे. मग वर बघ. ताडपत्री बांधायची दोरी, हौद्यावरच्या सळया, कॅरिअरचा पाइप, रेडिओची एरियल, यांच्यावरून वारा गेला की मागे भोवरे सुटतात आणि सूर उठतो. स्ट्रूहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तारांवर याचे प्रयोग केले. सूर वेगाबरोबर चढतो आणि वस्तू जितकी बारीक तितका उंच लागतो. आठ मिलिमीटरची ताणलेली दोरी ७२ च्या वेगाला सेकंदाला साधारण ५०० कंपनांचा सूर देते, आणि आत बसलेल्याला वाटतं की दारच वाजतंय. अशा पाइपवर किंवा सळईवर सुतळी मळसूत्रासारखी गुंडाळून टाक. भोवरे एका लयीत सुटेनासे होतात आणि सूर मोडतो.

बांबूचंही तेच. मेंढा (लेखा) गावाला २०११ साली बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा हक्क मिळाला, तेव्हापासून धानोरा तालुक्यात ग्रामसभांचा बांबू उजळ माथ्याने रस्त्यावर आला. तुलाही ते भाडं मिळेल आणि मिळावं. केबिनच्या वरून पुढे आलेल्या बांबूंची पोकळ टोकं वाऱ्यात वाजतात. टोकं चिंध्यांनी बुजव, आणि बांबू टपाच्या पत्र्यावर घासू नये म्हणून खाली पोतं घाल. त्या घासण्याने रंग जातो, रंग गेला की गंज येतो, आणि गंज शेवटी रबराच्या खाचेत उतरतो.

दारातच फट सापडली तर दुरुस्तीचा क्रम मोडू नकोस. पहिली बिजागरी. दार उघडून त्याची मोकळी कड दोन्ही हातांनी वर उचल. खडखड हालली तर पिन-बुश झिजलेत, ते आधी बदल. बिजागरी ढिली असताना बाकी काहीही केलंस तरी महिन्याभरात उलटतं. दुसरी लॉकची खुंटी. तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मार, बोल्ट ढिले कर, मिलिमीटरभर आत सरकव, आवळ आणि कागदाची पट्टी पुन्हा ओढून बघ. एका वेळी मिलिमीटरच. दाराची पुढची कड मडगार्डच्या पत्र्यापेक्षा बाहेर आलेली नको. बोट फिरवून बघ, ठेच लागली तर वारा तिथेच अडतो. दाराची वरची चौकट गुडघा लावून आत वाकवण्याचा प्रकारही गॅरेजमध्ये चालतो. तो डेंटरच्या सरावलेल्या हाताने आणि सगळ्यात शेवटी. तू स्वतः करू नकोस.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. काच वर-खाली करायचं यंत्र दुरुस्त करताना दाराच्या आतलं पॅनेल काढतात. त्याच्यामागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाडून टाकतात आणि परत लावत नाहीत. मग दाराच्या पोकळीतला वारा, धूळ आणि पाणी सरळ आत येतं, आणि रबराला बोल लागतो. तुझी गाडी जुनी आहे. पॅनेल काढून बघच. कागद नसेल तर जाड प्लास्टिक कापून चहूबाजूंनी चिकटव.

हे सगळं करून रबर खरंच मेलेलं निघालं, म्हणजे बोटाने दाबल्यावर परत उठत नाही किंवा कोपऱ्यात फाटलंय, तरच नवं. मग मी इथून त्याच मॉडेलचं पाठवतो. मीटरवर मिळणारं स्पंजचं घेऊ नकोस, ते पाणी पितं. पत्र्याच्या कडेवरचा गंज पॉलिश पेपरने काढून प्रायमर लाव. युरियाची पोती वाहतोस, त्यामुळे तुझ्याकडे तो गंज लवकर येणार. प्रायमर पूर्ण वाळल्यावर रबर बसव. सांधा नेहमी खालच्या बाजूला, वर कधीच नाही. बसवताना ओढू नकोस. ओढून लावलेलं रबर उन्हाळ्यात मागे सरतं आणि कोपऱ्यात फट पडते. उलट किंचित जास्त ठेवून रबरी हातोड्याने ठोकत जा. दाराच्या बुडाशी बारीक भोकं असतात. ती पावसाचं पाणी निचरण्यासाठी आहेत. सीलंटची नळी हातात आली की माणूस पहिल्यांदा तीच बुजवतो, म्हणूनही मी नळ्या पाठवल्या नाहीत.

बाबू, एवढं लांबण लावण्याचं कारण तुझे कान आहेत. तुला अजून कितीतरी वर्षं गाडी चालवायची आहे. रोज आठ तास ८५ डेसिबलच्या वर आवाज कानावर पडत राहिला तर ऐकू येणं कायमचं कमी होऊ लागतं, आणि ते परत येत नाही. मुख्य म्हणजे, मोठ्या आवाजाखाली छोटे आवाज दबतात. चाकाच्या बेअरिंगची घरघर, सैल झालेल्या दोरीची फटफट, वळणापलीकडचा हॉर्न तुला ऐकू यायला हवा. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात आला. संध्याकाळी जंगलातल्या रस्त्यावर काच खाली करून चालणं, फांदी मोडल्याचं ऐकणं, हेही आता चालकाचं काम झालं आहे. शीळ बंद झाली म्हणून त्या जागी मोठ्याने गाणी लावशील, तर केलेल्या कामाचा काही उपयोग नाही.

तर आता असं कर. तेंदूपत्त्याच्या पहिल्या तोडणीचा माल फळीवरून, म्हणजे संकलनाच्या जागेवरून, निघायच्या आत ओल्या फडक्याची आणि धुळीची तपासणी उरक. टेपचा कोणता तुकडा काढल्यावर शीळ परत आली ते लिहून कळव, आणि खडूच्या खुणेचा फोटो पाठव, ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड ते सांगून. बिजागरी हालत असेल तर तेवढंच कळव, पिन-बुश मी वडशाला येणाऱ्या माणसाबरोबर देतो.

ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा