अतिदक्षता विभागांतील परिचारिकेचा थकवा

खेड्यांतून कोल्हापुरास नेलेला अत्यवस्थ रोगी पुष्कळदां छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयांत, म्हणजे सीपीआरमध्यें, पोहोंचतो. तेथील अतिदक्षता विभागांत रात्रभर त्याच्या उशाशीं उभी असणारी परिचारिका, जिला आपण सिस्टर म्हणतों, ती कशी आहे हें विचारण्याची रीत मात्र आपल्यांत नाहीं.

श्वासयंत्रावरील रोग्यामागें प्रत्येक पाळीस एक परिचारिका असावी असें मान्य आहे. कारण अशा रोग्यास बोलतां येत नाहीं. त्याची नाडी पाहणें, लघवी मोजणें, कुशीवर वळविणें, घशांतील कफ नळीनें ओढून काढणें, हें सर्व दुसऱ्यानेंच करावयाचें. एकीकडे तीन रोगी आले म्हणजे एकाच्या यंत्राची घंटा वाजत असतां दुसऱ्याचीही वाजते, आणि आधीं कोणाकडे जावें हें तिनें क्षणांत ठरवावयाचें असतें. अंगाचा शीण झोपेनें जातो; हें ओझें झोपेनें उतरत नाहीं.

सन २०२१ च्या जून-जुलैंत, राज्यांत इतरत्र करोनाची दुसरी लाट ओसरत असतां, कोल्हापूर जिल्ह्यांत ती टिकून राहिली. संरक्षक पोशाख अंगावर असेतोंवर पाणी पितां येत नसे. नातलगांस आंत येण्याची मनाई, म्हणून मरणाऱ्याचा हात धरणारी कित्येकदां तीच. २२ मार्च २०२० रोजीं देशभर लोकांनीं तिच्यासाठीं थाळ्या वाजविल्या होत्या. पण पुढच्याच महिन्यांत आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस सात वर्षांपर्यंत कैद ठरविणारा वटहुकूम सरकारास काढावा लागला!

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं ह्या अवस्थेचीं तीन लक्षणें सांगितलीं: शक्ति सरणें, कामाविषयीं मनांत दुरावा येणें, आणि आपल्या हातून कांहीं नीट होत नाहीं असें वाटणें. संघटना तिला रोग म्हणत नाहीं, कामांतून उद्भवणारी अवस्था म्हणते. तेव्हां सेवाभाव कमी पडला असें म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. रिकाम्या जागा भरणें, पाळी वेळेवर सुटणें, रोगी दगावल्यावर घटकाभर बसावयास मिळणें, हे उपाय रुग्णालयाच्या चालकांच्या हातीं आहेत.

आपल्या हातीं आहे तें लहान आहे. रोगी दाखल करतांना त्याचीं चालू औषधें व जुने आजार कागदावर लिहून न्यावे. विचारपूस घरच्या एकानेंच, नेमलेल्या वेळीं करावी. दहा जणांनीं दहा वेळां विचारलें म्हणजे तितका वेळ रोग्याच्या खाटेपासून काढला जातो.